बाईंचं माहेर

राजारामपुरीत भाजीच्या गाड्यापाशी एक उंचापुरा पोरगा आमच्या बाईंच्या पाया पडला. बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं, पण ओळख काही पटेना. त्याने नाव सांगितलं, गाव सांगितलं, वडील कुठल्या कारखान्यात आहेत तेही सांगितलं. बाई कोथिंबिरीची जुडी उलटसुलट करत नुसतं हं हं म्हणत राहिल्या. शेवटी पोरगा लाजत, बरोबरच्या मैत्रिणीला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "मॅडम, माझ्या हृदयाला वरच्या पडद्यात भोक होतं."

बाईंचा चेहरा एकदम खुलला. "मग आधी सांगायचं की. तोंड काय, सगळ्यांनाच असतंय. बुजलं का न्हाई भोक?" हे त्यांनी अख्ख्या बाजाराला कळेल अशा आवाजात विचारलं. पोराने मान डोलावली. मैत्रीण त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागली. बाईंची पिशवी माझ्या हातात होती, त्यामुळे मला तिथून पळताही येईना.

बाई लहान मुलांच्या आणि पोटातल्या बाळांच्या हृदयाची सोनोग्राफी करायच्या. तिला इको म्हणतात. जन्मापासूनच हृदयात किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांत काही कमीजास्त असेल तर ते पडद्यावर हुडकून काढायचं, हे त्यांचं काम. मी बाहेर टेबलावर बसून नंबर लावायची, रिपोर्ट टाइप करायची आणि बाईंनी दुखावलेल्या लोकांना पाणी द्यायची. यातलं शेवटचं काम सगळ्यात जास्त असे.

बाई मूळच्या पुण्याच्या, पेठेतल्या, शुद्ध बोलणाऱ्या घरातल्या. नोकरीला म्हणून कोल्हापुरात आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका शेतकऱ्याला त्याच्या मुलीचा आजार फार छान समजावून सांगितला. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "डाक्टर, आता हेच जरा मराठीत सांगा की." त्या दिवशी बाईंनी पुण्याची भाषा जी सोडली ती सोडलीच. आम्ही इथे जन्मलेले लोक पाहुण्यांसमोर जरा सांभाळून बोलतो. बाई कुणासमोरही सांभाळून बोलत नसत. इथल्या बायकांसारखं "मी आलो, मी जेवलो" सुद्धा त्यांनी उचललं होतं. त्यांचा धाकटा भाऊ पुण्याहून फोन करायचा आणि कळवळून म्हणायचा, "ताई, निदान माझ्याशी तरी 'जेवले' म्हण."

"जेवलो की. तू जेवलास का?" बाई विचारायच्या.

आजार समजावून सांगायला बाईंना पाणी लागायचं. पिण्याचं नव्हे, उसाचं. पोटात असताना बाळाच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये एक वाट असते, ती जन्मानंतर आपोआप बंद होते. कधी कधी होत नाही. अशा एका बाळाच्या बापाला बाई म्हणाल्या, "उसाला पाणी पाजून झालं, आणि सरीचं तोंड बुजवायचं राहिलं, तर काय हुईल?"

तो म्हणाला, "राहतच न्हाई मॅडम. भावकी टपलेली असती."

बाहेरच्या बाकावरून एक जण म्हणाला की आमच्या भावकीनेच ते फोडलं होतं, आणि तिथून बांधावरच्या भांडणांची अशी काही चर्चा रंगली की बाळ, आजार, इको, सगळं बाजूला राहिलं. बाई मध्ये बसून कुणाचं चुकलं याचा निवाडा करत होत्या. ते पोर पुढे बरं झालं. भावकीचं काय झालं ते मला माहीत नाही.

रडणाऱ्या मुलांना झोपेचं औषध द्यायचं त्यांच्या जिवावर यायचं. आधी बापाला कामाला लावायच्या. एकदा तालमीतला एक पैलवान आपल्या वर्षाच्या मुलीला घेऊन आला. मुलगी छप्पर उडवेल अशी रडत होती. बाईंनी छातीला लावायच्या जेलीची बाटली गरम पाण्यातून काढली, आपल्याच कोपरावर थेंब टाकून ती कोमट आहे ना ते पाहिलं आणि पैलवानाला म्हणाल्या, "मांजराचा आवाज काढा." तो म्हणाला, जमत नाही. "जमवा. तुमची पोरगी हाय का माझी?" मग त्या दाराएवढ्या माणसाने टेबलाखाली वाकून म्याँव म्याँव केलं आणि मुलगी गप्प झाली. बाईंचं काम संपलं तरी त्यांनी त्याला बराच वेळ बास म्हटलं नाही. मी दारातून पाहत होते, म्हणून सांगते, काम केव्हाच झालं होतं.

'नॉर्मल' हा शब्द मला टाइप करायला बंदी होती. "नॉर्मल कुणी बघितलंय? आज दिसलं तेवढं बरं हाय, असं लिही." असं रिपोर्टात लिहिता येत नाही हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. शेवटी मी मला हवं ते लिहायची आणि त्या सही करताना तोंड वाकडं करायच्या.

आता गुणगुणण्याचं सांगायला हवं. बाई काम करताना गुणगुणायच्या आणि आपण गुणगुणतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. पडद्यावर हृदयाचे चारही कप्पे जागच्या जागी दिसले, झडपा उघडमीट करताना दिसल्या, की आतून सूर यायला लागायचा. सकाळी शेजारच्या चहाच्या टपरीवर जे लागलेलं असेल ते. कधी आरती, कधी लावणीची चाल. आमचं दार होतं पातळ. बाहेर बाकावर बसलेल्या बायकांनी कधी आणि कसा ठरवला देव जाणे, पण अर्थ ठरला होता: बाईंनी आरती गायली की मुलगा, लावणी गायली की मुलगी. मुलगा की मुलगी हे सांगायला कायद्याने बंदी आहे, तशी मोठी पाटी भिंतीवर आहे, त्यामुळे मॅडम असं आडून सुचवतात म्हणे. मला हे कळलं तेव्हा एक म्हातारी माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणत होती, "आज आरतीच म्हणा म्हणावं त्यास्नी."

मी बाईंना सांगितलं. त्या पोटावर फिरवायचा प्रोब हातात तसाच घेऊन बाहेर आल्या आणि बाकावरच्या समस्त आयाबायांना त्यांनी फैलावर घेतलं. "मी काय बाळाचं लिंग गाऊन सांगतो? लाजा वाटत न्हाईत?" कायद्याबद्दल त्या इतक्या कडक होत्या की पोटातल्या बाळाचा विषय निघाला की समोरचा "तो" किंवा "ती" म्हणायच्या आतच त्याला थांबवायच्या. दुसऱ्या दिवसापासून सूर बाहेर पडू नये म्हणून त्यांनी तोंडात खडीसाखर धरायला सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती टिकली. मग आतून पाळण्याची चाल ऐकू आली, आणि बाहेर पाळणा कुणाच्या खात्यात धरायचा यावर दोन गट पडले.

याच दिवसांत इचलकरंजीची एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. त्यांचे घरचे माग होते. सून पाच महिन्यांची गरोदर, माहेर आजऱ्याचं. सून आत गेली. सासू दाराला कान लावून बसली. मी तिला दोनदा उठवलं, ती दोनदा परत बसली.

आतून काहीच ऐकू येईना. बराच वेळ गेला. मी कागद द्यायच्या निमित्ताने आत डोकावले. बाईंनी सुनेला एका कुशीवर वळवलं होतं. मग तिला उठवून पाणी प्यायला लावलं, चार पावलं चालायला लावलं आणि पुन्हा झोपवलं. खडीसाखर तोंडात नव्हती. मला पडद्याकडे बोट करून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ह्या दोन मोठ्या वाहिन्या निघताना एकमेकीला फुली मारून जायला पायजेत. ह्या बघ कशा बरोबरीनं चालल्यात." मला त्यातलं फार कळत नव्हतं, पण बाईंचा आवाज कळत होता.

बाहेर आले तर सासूने माझा पदर धरला. "बाई गायल्या न्हाईत?"

"नाही."

"आरती न्हाई, लावणी न्हाई," ती विचारात पडून म्हणाली. "म्हंजे जुळं हाय काय?"

मला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात बाईंनी तिला आत बोलावलं.

हृदयातून निघणाऱ्या दोन्ही मोठ्या वाहिन्यांच्या जागा बदलल्या होत्या. त्यामुळे शुद्ध रक्त परत फुफ्फुसातच जाणार आणि अशुद्ध रक्त परत अंगात फिरणार, दोघांची गाठ पडणारच नाही. बाईंनी हे सगळं पाटाच्या पाण्यावर सांगितलं. पोटात आहे तोवर काळजी नाही, कारण तिथे बाळासाठी आई श्वास घेते. ते वाढेल, लाथा मारेल. जन्मल्यावर मात्र थोड्याच वेळात निळं पडायला लागेल. त्या वेळी सलाइनमधून औषधाची धार तयार पाहिजे आणि सर्जन जवळ पाहिजे. "पुण्याला माझ्या भरवशाचा एक सर्जन हाय. त्यो उलटं जोडलेलं सुलट करतोय. बाळंतपण पुण्याला करायचं. वेळेवर केलं तर हे पोर शाळंत जाईल, माग चालवंल, तुमच्याशी भांडंल."

सासू मागावर आयुष्य काढलेली. तिने एक मिनिट विचार केला आणि म्हणाली, "जोडणी चुकलीया. सोडवून परत जोडायची."

"तेच," बाई म्हणाल्या.

"करूया की. पण मॅडम, पयलं बाळंतपण माहेरात असतंय."

"माहेरात सर्जन हाय का?"

"न्हाई. काजूचा कारखाना हाय."

बाईंना वाटलं, ही बाई अडाणी आहे. ती अजिबात अडाणी नव्हती. तिची अडचण वेगळी होती. पहिल्या बाळंतपणाला मुलीला माहेरी नेणं हा माहेरचा मान. सासरच्यांनी परस्पर पुण्याला नेलं तर आजऱ्याच्या व्याह्यांना वाटणार, आमच्यावर विश्वास नाही. मी आजऱ्याला मुलीच्या आईला फोन लावला. ती फोनवर रडली आणि म्हणाली, "आमी कसं पुन्याला न्ह्या म्हनायचं? सासरची म्हनतील, ह्यांना पोरीचं बाळंतपन जड झालं. त्यास्नी म्हनू द्या, मग आमी हाईच की." मी इचलकरंजीला फोन केला. तिथे सासू म्हणाली, "विहीनबाईंनी म्हनू द्या, मग आमी गाडी काढतो."

दोन्हीकडे माणसं चांगली. दोघींनाही बाळ हवं होतं. दोघीही पुण्याला जायला तयार होत्या, फक्त आधी दुसरीने म्हणायला हवं होतं. असे आठवड्यांमागून आठवडे गेले. मी इकडून तिकडे फोन करून थकले. बाईंचा तर संताप संताप झाला. "बाळ ह्यांच्या मानपानात निळं पडणार," त्या म्हणाल्या आणि जेवणाचा डबा न उघडता परत पिशवीत घातला. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले, कारण डबा सोडणाऱ्यांतल्या बाई नव्हेत.

मग कळलं की रविवारी आजऱ्याला डोहाळजेवण आहे. आम्हाला बोलावणं नव्हतं. बाई म्हणाल्या, "आपुन जाऊया." वाटेत त्यांनी गाडी एका हार्डवेअरच्या दुकानापाशी उभी केली आणि नळीचे दोन तुकडे घेतले, एक लाल, एक निळा. बागेला पाणी घालतात तसली नळी. मी काही विचारलं नाही. विचारून उपयोग नसतो हे मला पाठ झालं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात मांडव, हिरव्या साडीत फुलांचे दागिने घातलेली पोरगी झोपाळ्यावर, भोवती बायका. तिच्यापुढे झाकलेल्या दोन वाट्या होत्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा उघडला तर मुलगा, बर्फी उघडली तर मुलगी, असा तो खेळ. पोरीने हात पुढे केला, तेवढ्यात मांडवाच्या दारातून आवाज आला, "थांबा. हे बेकायदेशीर हाय."

सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. दारात चुरगळलेल्या साडीतली, हातात नळ्यांची गुंडाळी घेतलेली बाई. कुणीतरी विचारलं, "नळवाल्या हाईत काय ह्या?" बाई तडक झोपाळ्यापाशी गेल्या, दोन्ही वाट्यांवरचं झाकण काढलं आणि पेढाही खाल्ला, बर्फीही खाल्ली. "आता कुणालाच काही कळायचं न्हाई," त्या तोंड पुसत म्हणाल्या. सासूने कपाळावर हात मारला. पोरगी मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

मग बाईंनी जमलेल्या बायकांना खाली बसवून दोन्ही नळ्यांवर सगळं समजावलं. लाल नळी इथून निघायला हवी, ती तिथून निघालीय. निळी तिथून हवी, ती इथून. नळ्या त्यांनी दोन म्हाताऱ्यांच्या हातात दिल्या, त्या म्हाताऱ्या कुठल्या टोकाला धरायचं यावरून भांडल्या, पण सगळ्यांना कळलं. पोरगी पोटावर हात ठेवून बसली होती. तिच्याकडे मला बघवेना.

"तुमी म्हनाल तसं, विहीनबाई," सासू म्हणाली.

"न्हाई न्हाई, तुमी म्हनाल तसं," आई म्हणाली.

बाईंनी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. मला वाटलं आता नळी उचलून मारतात. पण त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "पयलं बाळंतपण माहेरातच व्हायला पायजे न्हवं? बरं. माझं माहेर पुण्याला हाय. मी लग्न केलं न्हाई, त्यामुळं मला सासर न्हाईच, हाय ते सगळं माहेरच. ही आजपासून माझी लेक. पयलं बाळंतपण माझ्या माहेरात. दोघी आयांनी तिथं राहायला यायचं. तांदूळ आणा, मी ओटी भरतो."

मग मागून एक जण दबक्या आवाजात म्हणाली, "ओटी सवाष्णीनं भरायची असती."

बाईंना हे ठाऊक नव्हतं. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडला. त्या इतक्या लांब आल्या होत्या, आणि आता ही एवढीशी गोष्ट. मला त्या बाईचा असा राग आला म्हणून सांगू. पण तेवढ्यात सासू उठली. ती बाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने बाईंचं मनगट धरलं. "माझा हात लागलाय. भरा." दुसऱ्या बाजूने पोरीची आई येऊन उभी राहिली. बाईंनी तांदळाचं अख्खं ताटच पोरीच्या पदरात पालथं केलं. निम्मे तांदूळ जमिनीवर सांडले. "ओंजळीनं, मॅडम, ओंजळीनं," दोघी एकदम म्हणाल्या. मी हसता हसता डोळे पुसले. मला रडू येत होतं, ते लपवायचं कारण नाही.

परत येताना बाईंनी गाडी कडेला लावून भावाला फोन केला. "अरे, मला लेक झालीया. बाळंतपणाला तिघीजणी येत्यात."

मग तो म्हणाला, "मागची खोली रिकामी करून ठेवतो." त्या माणसाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. त्याच्या दारावर दुपारी बेल वाजवू नये अशी पाटी होती. पुढच्या महिन्यात तिच्यापुढे आजऱ्याच्या काजूचं पोतं उभं राहिलं आणि दुपारी झोप नावाची गोष्ट त्या घरातून गेली.

बाळ जन्मलं. लगेच औषधाची धार लागली, काही दिवसांनी ऑपरेशन ठरलं. बाईंनी सेंटर बंद ठेवलं, जे त्यांनी तापातही कधी केलं नव्हतं, आणि मला घेऊन पुण्याला गेल्या. त्या सर्जनने त्यांना आत यायला सांगितलं होतं, पडद्यावर बघायला. बाई गेल्या नाहीत. बाहेरच्या बाकावर दोन विहिणींच्या मध्ये बसल्या. "जावा की," सासू म्हणाली.

"न्हाई. मला भ्या वाटतंय," बाई म्हणाल्या. इतकी हृदयं पाहिलेली बाई, आणि तिने हे सरळ सांगितलं. दोघी तिला अजून चिकटून बसल्या. संध्याकाळी सर्जन बाहेर आला आणि म्हणाला की वाहिन्या आपापल्या जागी जोडल्या आहेत, रक्त नीट फिरतंय. पोरीची आई हुंदके देऊ लागली. सासूने सर्जनलाच विचारलं, "तुमी जेवलासा का?"

बाळ मुलगा होता की मुलगी, ते मी इथे लिहिणार नाही. बाईंना चालणार नाही.

काही आठवड्यांनी बाळाला दवाखान्यातून बाईंच्या माहेरी आणलं. बाळंतिणीची खोली धुरी देऊन तयार होती. बाई, भाऊ, मी, सगळे दारात उभे. सासू गाडीतून उतरली ती सरळ बाईंच्या पुढे आली आणि म्हणाली, "धरा. पयल्यांदा तुमी."

बाई दोन पावलं मागे सरकल्या. मला तेव्हा लक्षात आलं. आमच्याकडे बाळ कायम आईच्या मांडीवर असायचं. बाईंचा एक हात मशीनवर, दुसऱ्या हातात प्रोब. कुणाचंही बाळ त्यांनी उचलून घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"मला येत न्हाई," बाई म्हणाल्या.

"बसा खाली." बाई भिंतीला टेकून सतरंजीवर बसल्या. सासूने त्यांचा डावा हात वळवला, कोपराच्या खळग्यात बाळाचं डोकं ठेवलं, उजवा हात धरून बुडाखाली नेला. "मान सोडायची न्हाई. बास, असंच." बाई श्वास रोखून बसल्या होत्या. हात इतके ताठ की खांदे वर आले होते.

"मॅडम, घाबरू नगासा," सासू म्हणाली. "आता मोडत न्हाई ते."

बाईंचे खांदे हळूहळू खाली आले. चहा आला आणि पुढ्यातच गार झाला. भावाने दोनदा विचारलं, बाळाला घेऊ का मी. बाईंनी मान हलवूनच नाही म्हटलं.